तिसरा हात

रामहरीरावांचा उजवा हात कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेला, त्या दिवशी आमच्या सोसायटीत सगळ्यांत आधी रडलो तो मी. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे मी ज्या तऱ्हेने वागलो ते ऐकल्यावर यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माझी पत्नी इंदिरा साक्षीला आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी इतका रडलो की रामहरीरावांच्या मंडळींनी, जयवंतावहिनींनी, स्वतःचं रडं थांबवून मला पाणी दिलं.

रामहरीराव मूळचे पणदऱ्याचे. ऊस आणि म्हशी तिकडेच. मुलगा इंद्रजित साखर कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला तेव्हापासून राहायला मात्र बारामतीत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. दोन बाल्कन्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. ज्या काळात फोनसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं बसत, त्या काळात मी बाजारात निघालो की भाजीवाले पेंडी पुढे करत. आता ज्याच्या-त्याच्या खिशात फोन असल्यामुळे माझ्याकडे कोणाचं काही काम उरलेलं नाही. तरीही सोसायटीत थोडा मान होता. मोटार बिघडली, लिफ्ट अडली, पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं की लोक म्हणत, केशवकाकांना बोलवा. रामहरीरावही म्हणत. आमची मैत्री या पायावर उभी होती आणि पाया भक्कम होता.

हात गेल्यावर ते बरेच महिने घरात बसून राहिले. बाही दुमडून, भिंतीकडे तोंड करून. मी रोज जाऊन पेपर वाचून दाखवी. खरं सांगायचं तर ते दिवस मला चांगले गेले. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटे. मग इंद्रजितने पुण्याहून तो हात आणला.

काळा, गुळगुळीत, मनगटाशी निळा दिवा. कोपराखाली जेवढा हात उरला होता त्यावर तो खोबणीसारखा बसे, तिथल्या स्नायूंच्या हालचाली ओळखे आणि त्याप्रमाणे बोटं मिटे किंवा उघडे. मिटताना बारीक घरघर होई. पहिल्या दिवशी रामहरीरावांनी पेला उचलून पाणी प्यायलं आणि जयवंतावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले. ती शेवटची वेळ.

कारण दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. पणदऱ्याहून जीप भरून लोक आले. भिशीतल्या बायका आल्या. प्रत्येकाला त्या हाताशी हात मिळवायचा होता. कोणी लिंबू पिळून बघायला सांगे, कोणी नाणं उचलायला. वरच्या मजल्यावरचा मोहित, जो घरी बसून कॉम्प्युटरवर परदेशातल्या बँकांची कामं करतो आणि एरवी कोणाशी बोलत नाही, तो खाली उतरून तासभर बोलला. म्हणाला, "रामहरीकाका, तुम्ही भविष्यातले माणूस आहात." त्या वेळी मी शेजारीच उभा होतो. मी कुठल्या काळातला हे त्याने सांगितलं नाही.

तरी मी मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं ते लोणच्याच्या बरणीमुळे. लग्न झाल्यापासून आमच्या घरात घट्ट बसलेली झाकणं मी उघडत आलो आहे. संसारात पुरुषाच्या वाट्याला काही निर्विवाद कामं असतात, त्यांतलं हे एक. तर एका दुपारी मी पेपर वाचत असताना इंदिरा माझ्यासमोरून बरणी घेऊन बाल्कनीत गेली आणि भिंतीवरून म्हणाली, "रामहरीभाऊ, एवढं बघता का?" घर्रर्र असा आवाज आला आणि मागोमाग इंदिराचं कौतुकाचं हसू.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही फडकं शोधता, मग गरम पाणी मागता, मग झाकणाला शिव्या देता. त्यांचं कसं पटकन झालं," ती म्हणाली आणि कैरीची फोड माझ्या ताटात वाढली. मला ती गेली नाही.

मग प्रजासत्ताक दिन आला. सोसायटीत झेंडा दरवर्षी मी फडकवतो. तसा ठराव नाही, पण प्रथा आहे. या वर्षी मोहितने परस्पर ठरवलं की दोरी रामहरीकाकांनी ओढायची. मी इस्त्रीचा सदरा घालून खांबापाशी पोचलो तेव्हा मला एका बाजूला उभं राहायला सांगण्यात आलं. रामहरीरावांनी दोरी चिमटीत धरली. झेंडा उलगडायच्या आतच टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. फोटोत रामहरीराव, हात, झेंडा, आणि डाव्या कडेला एक कान. तो माझा.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच विषय. आंघोळीनंतर आरशासमोर उभा राहून मी स्वतःकडे पाहू लागलो. माणसाच्या शरीरात बदलण्यासारखं काय काय असतं याचा आजवर मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात आठवलं की माझ्या डाव्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे. मला इतका आनंद झाला की टॉवेल गुंडाळूनच बाहेर आलो. संध्याकाळी कट्ट्यावर, सगळे जमल्यावर, मी सहज विषय काढल्यासारखं म्हणालो, "रामहरीरावांचं ठीकच आहे, पण माझ्याही शरीरात एक यांत्रिक भाग आहे."

सगळे वळले. मी डोळ्याबद्दल सांगितलं.

"म्हणजे मोतीबिंदू व्हय," रामहरीराव म्हणाले. "आमच्या आईचं दोन्ही डोळ्यांचं झालं की. फुकट शिबिरात."

सगळे पुन्हा हाताकडे वळले.

उपाय मोहितनेच सुचवला, म्हणजे त्याला न कळता सुचवला. हल्ली गुडघे रोबोटकडून बसवतात असं तो कोणाला तरी सांगत होता. रोबोट हा शब्द मी पक्का धरला. गुडघा ही वस्तू हातापेक्षा मोठी, शिवाय दोन असतात. दुसऱ्या दिवसापासून मी लंगडू लागलो.

लंगडणं दिसतं तितकं सोपं नाही. सतत लक्ष ठेवावं लागतं. जरा मन दुसरीकडे गेलं की पाय नीट पडतो. त्यातून सल्ले. सोसायटीत प्रत्येकाच्या ओळखीत गुडघ्याचा एक तरी रोगी असतो. जयवंतावहिनींनी निरगुडीचा पाला पाठवला. तळमजल्यावर योगासनांचा वर्ग घेणाऱ्या स्वप्नालीताईंनी मला चटईवर पालथं पाडलं आणि जे काही केलं त्यानंतर कमर खरोखरच दुखू लागली. कोणी वाळूत चालायला सांगितलं, कोणी उलटं चालायला. उलटं लंगडणं मला जमलं नाही. एकटे रामहरीराव काही सुचवत नव्हते. ते भिंतीवर कोपर टेकून शांतपणे पाहत. एकदा म्हणाले, "केशवराव, काल डावा दुखत हुता न्हवं?"

"दुखणं सरकतं," मी म्हणालो.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, मग उलटा करून धरला, मग पाकिटावरचं नाव माझंच आहे का ते विचारलं. म्हणाले, "काका, अभिनंदन. चाळिशीतल्या माणसाला असे गुडघे मिळत नाहीत."

"पण रोबोट…"

"कशावर बसवायचा? चांगला सांधा कापून कोणी नवा बसवत नाही."

"समजा, एखाद्याची तयारी असेल तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंदिराला आत बोलावून घेतलं. ते तिच्याशी काय बोलले ते मला कळलं नाही, पण घरी येताना ती माझ्याशी फार मऊ आवाजात बोलत होती आणि मध्येच तिने विचारलं, रात्री झोप नीट लागते ना. आपल्या शरीरात एकही दोष निघू नये याचं इतकं दुःख मला होईल असं वाटलं नव्हतं.

अशात इंदापूरला एका संस्थेचं शिबिर जाहीर झालं. कृत्रिम अवयव आणि सहायक साधनं. प्रमुख पाहुणे, अर्थात, रामहरीराव. इंद्रजितला रजा नव्हती. जयवंतावहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमीच न्या की गाडीतनं. तुमच्या गुडघ्याचंबी दाखवता ईल." पत्रकात 'गुडघ्यासाठी मोटारीवर चालणारा पट्टा' असं लिहिलेलं मी आधीच वाचून ठेवलं होतं. थोडे आढेवेढे घेऊन हो म्हणालो.

इंदापुरात मंडपाच्या दाराशी रामहरीरावांना हार घालून थेट व्यासपीठावर नेलं. मला टेबलांकडे पाठवलं. पहिल्या टेबलावरच्या बाबांनी विचारलं, "दाखला?"

"कसला?"

"अपंगत्वाचा. किती टक्के ते असतं त्यावर."

दाखल्यासाठी दुसऱ्या टेबलावर जायचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला उठाबशा काढायला लावल्या. रांगेतले लोक बघत होते, त्यामुळे नकळत जरा जोरातच काढल्या. माणूस कौतुकाला किती भुकेला असतो पाहा. बाईंनी कागदावर शून्य लिहिलं. मी तो घेऊन पहिल्या टेबलाकडे परत आलो.

"शून्य टक्क्याला आमच्याकडे काही नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"काठीसुद्धा नाही."

मी मागच्या रांगेत खुर्चीत जाऊन बसलो. समोर व्यासपीठावर रामहरीराव एकेकाशी हात मिळवत होते. सगळ्या इंदापूर तालुक्याला त्या हाताला हात लावायचा होता. माझ्या मनात तेव्हा जे विचार आले ते लिहिण्यासारखे नाहीत.

इतक्यात माइकवरून एक मुलगी बोलू लागली. अबोली तिचं नाव, ती तो गुडघ्याचा पट्टा बनवणारी इंजिनियर. म्हणाली, पट्टा कसा चालतो ते दाखवायला तिला दोन्ही पाय धडधाकट असलेला एक माणूस हवा आहे, म्हणजे इजा व्हायची भीती नाही. दाखल्याच्या टेबलावरच्या बाईंनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "ते काका. एकदम फिट आहेत."

आयुष्यात काही क्षण आपल्यासाठी राखून ठेवलेले असतात. मी न लंगडता व्यासपीठावर गेलो. अबोलीने माझ्या उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आवळला. त्यालाही घरघर होती आणि दिवा होता, तोही हिरवा, निळ्यापेक्षा लांबून दिसणारा. मी रामहरीरावांकडे पाहिलं. ते माझ्या गुडघ्याकडे पाहत होते.

"काका, आता हा पायरी चढल्यासारखा पाय उचलेल. तुम्ही पाय अगदी सैल सोडा," अबोली म्हणाली.

पण एवढ्या लोकांसमोर पाय सैल सोडून उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. मोटार जेवढा उचलेल त्यापेक्षा आपण थोडा जास्तच उचलावा म्हणून मीही जोर लावला. मोटार आणि मी, दोघांनी मिळून जो पाय उचलला तो पाहुण्यांच्या टेबलाला खालून जाऊन लागला. टेबल हार, पाण्याच्या बाटल्या आणि स्मृतिचिन्हांसकट एका माजी संचालकांच्या मांडीवर कलंडलं. मोटारीला वाटलं पहिली पायरी झाली. तिने दुसरी घेतली. तोल जाऊन मी मागे जाऊ लागलो. मागे व्यासपीठ संपत होतं.

तेव्हा रामहरीरावांनी झेप घेतली आणि माझं डावं मनगट त्या काळ्या हातात पकडलं. मी हवेत लोंबकळलो, पण पडलो नाही. अबोलीने पट्टा बंद केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, हे सांगायला नको.

"सोडा आता," मी हळूच म्हणालो.

रामहरीरावांनी प्रयत्न केला. निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. सकाळपासून अख्ख्या तालुक्याशी हात मिळवून त्या हाताची बॅटरी संपली होती.

अबोलीने खूप खटपट केली. हा तिच्या कंपनीचा हात नव्हता, तिच्याकडे त्याच्या पिनेचा चार्जर नव्हता. जबरदस्ती केली तर मोडेल, ती म्हणाली. हात मोडेल की मनगट, ते तिने स्पष्ट केलं नाही. शेवटी रामहरीराव म्हणाले, "केशवराव, घटकाभर तुमीच घ्या." आणि त्यांनी आपलं कोपर खोबणीतून बाहेर काढलं.

अशा तऱ्हेने मी इंदापूरच्या मंडपातून बाहेर पडलो तेव्हा मला तीन हात होते. इतके महिने जो हात मला हवा होता तो माझ्या मनगटाला घट्ट धरून लोंबत होता. दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला नमस्कार केला.

गाडी चालवता माझ्याशिवाय कोणाला येत नव्हती. गियर बदलताना लोंबणारा हात हँडब्रेकवर आपटे, म्हणून रामहरीराव शेजारी बसून त्याचं दुसरं टोक धरून राहिले. पळसदेवपाशी गाडी बाजूला घेऊन त्यांनी इंद्रजितला फोन लावला. चार्जर घेऊन भिगवणला ये, एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तेवढा उपकार त्यांनी माझ्यावर केला.

भिगवणला हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही थांबलो. आमच्या घरी मासे चालत नाहीत. भिगवणला चालतात. इंद्रजित मोटरसायकलवरून आला. आमच्याकडे बघताना त्याचे खांदे हलत होते. त्याने हात भिंतीतल्या प्लगला लावला. थोड्या वेळाने निळा दिवा लागला आणि बोटं एकेक करून उघडली. माझ्या मनगटावर चार लाल पट्टे उमटले होते. इंद्रजितला कारखान्यावर परत जायचं होतं, तो गेला. चहावाल्यापाशी पोचल्यावर तो पोट धरून हसताना मला काचेतून दिसला.

ताटं आली. रस्सा, भाकरी आणि तळलेला मासा. हात चार्ज होत खुर्चीवर पडला होता.

"घाला आता," मी म्हणालो.

"राहू द्या. जेवताना नगं."

ते डाव्या हाताने मासा चाचपू लागले. चिवडून चिवडून त्याचा भुगा झाला. एक घास तोंडात घातला, थांबले, बोटाने काटा काढला. दुसरा घास घेतलाच नाही. भाकरी रश्शात बुडवून खाऊ लागले.

"आवडत नाही का?" मी विचारलं.

"लई आवडतंय. पर काटं काडायला दोन हात लागत्यात. आन दोन्हीला कळावं लागतंय." मग खुर्चीकडे बघून म्हणाले, "त्याला काय कळत न्हाय. काय गरम हाय, काय वलं हाय, कुठं काटा हाय. वाईट न्हाय बिचारा, काम करतो. पर लोक त्यालाच भेटाय येत्यात, केशवराव. मी आपला त्याला घिऊन हिंडतोय. जयवंता रोज त्याला मऊ फडक्यानं पुसती, कपाटात ठिवती. म्या कवा तिला म्हनलं न्हाय, पर मला बरं वाटत न्हाय ते."

मी माझा घास परत ताटात ठेवला.

"तुमाला राग न्हाय ना यायचा? एक सांगतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमी सकाळी बाल्कनीत पेपर वाचता. बोटाला थुंकी लावून पान उलटता. ते बघून माझा जीव नुसता जळतो. वाटतं, ह्या माणसाला काय कमी हाय, दोन-दोन हात हायत आन नुसता पेपर उलटतोय. लंगडाय लागला तवा तर वाटलं, उठून एक ठिवून द्यावी."

"रामहरीराव, समजा हात चांगला असताना कोणी विचारलं असतं, हा काढून तो घ्या, तर?"

"चांगला असताना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हाडांच्या डॉक्टरांची आठवण झाली.

मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि त्यातल्या माशाचे काटे काढायला बसलो. आधी मधला मोठा काटा, मग कडेचे बारीक, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चाचपून एकेक. ताट परत सरकवलं. ते जेवू लागले.

चांगल्या माणसाने इथे थांबायला हवं होतं, मनातल्या मनात त्यांची क्षमा मागायला हवी होती. मी ती मागितलीही. पण काटे काढत असताना रामहरीराव माझ्या बोटांकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी ओळखत होतो. इतके महिने माझ्याच चेहऱ्यावर होती ती. आणि खोटं कशाला बोलू, ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, माझ्याकरता, पाहून मला फार फार बरं वाटलं.

मी पोऱ्याला हाक मारली आणि आणखी एक मासा मागवला. जरा जास्त काटे असलेला.